मनुकांचं पाणी

तबक माझ्यापर्यंत आलं आणि वर उचललं गेलं.

स्टीलचं तबक. त्यात काचेचे बोटभर उंचीचे पेले, एकेका पेल्यात घोटभर लाल पाणी. महिन्याचा पहिला रविवार होता, प्रभुभोजनाचा. आमच्या चर्चच्या मंडळीत बायका डाव्या हाताला सतरंजीवर बसतात आणि पुरुष उजवीकडं खुर्च्यांवर. तबक घेतलेला माणूस रांगेतून वाकत वाकत येतो. माझ्या शेजारी माय बसली होती. तिनं पेला घेतला. मी हात पुढं केला. तबक माझ्या हातावरून वर गेलं आणि पलीकडच्या बाईपुढं खाली आलं. ती बाई गोंधळली. घ्यावा की नाही, तिला कळेना. मग घेतला. माझ्याकडं बघितलं नाही तिनं.

माझा हात तसाच पसरलेला. चाळीस घरांची मंडळी. सगळ्यांनी बघितलं.

तबक धरणारा माणूस माझा सासरा होता.

आता त्या लाल पाण्याचं सांगते. प्रभुभोजनाला द्राक्षारस लागतो, पण आमच्यात दारू चालत नाही. म्हणून शनिवारी सकाळी काळ्या मनुका भिजत घालायच्या, दुपारी उकळायच्या, हातानं कुस्करायच्या आणि पांढऱ्या धडप्यातून पिळून काढायच्या. आधी हे काम माय करायची. तिचे गुडघे गेल्यावर मी करायला लागले. नऊ वर्षं केलं. त्या शनिवारीही केलं. सासऱ्यानं माणूस पाठवून पातेलं नेलं, तेव्हा कुणी काही बोललं नाही. उद्या तुला यातलं मिळणार नाही, असं सांगायची कुणाला गरज वाटली नाही. आधी सांगितलं असतं तर पाणी कुणी केलं असतं?

मनुकांचा डाग नखांत तीन दिवस राहतो. जो हात मी पसरला होता, त्याची नखं काळी होती.

मायनं आपला पेला हातात धरून ठेवला होता. मला वाटलं, ती खाली ठेवेल. तिनं पिला. नंतर माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "रडू नको. लोकं बघायलेत."

मी रडत नव्हतेच.

आम्ही पूर्ण्याचे. माझा बाप रेल्वेत ट्रॅकमन होता. मांगवाड्यातून उठून तो येशूकडं आला, कारण तिथं सगळे एका तबकातून घेतात असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. बिचारा खरं मानून चालला. चर्चमध्ये आल्यावर कळलं, इथंही दोन जाती आहेत. कंपाउंडवाले आणि नवे. कंपाउंडवाले म्हणजे ज्यांचे आजे-पणजे गोऱ्या पाद्र्यांच्या काळात ख्रिस्ती झाले, ज्यांना मिशनच्या आवारात घरं मिळाली, शाळेत मास्तरक्या मिळाल्या. नवे म्हणजे आम्ही. खरं तर माझ्या सासऱ्याचा आजोबाही आमच्याच वाड्यातून आला होता. पण ते कंपाउंडात बोलायचं नसतं. तिथं पियानो आहे. वाजत नाही, पण आहे.

सासरे रिटायर हेडमास्तर. मंडळीच्या पंच कमिटीचे मुख्य पंच. मंडळीची ठरावाची वही त्यांच्या ताब्यात. अक्षर असं की छापल्यासारखं. त्यांच्या मुलाशी माझं लग्न झालं तेव्हा पाळकसाहेबांनी स्टेजवरून सांगितलं, बघा, ख्रिस्तात कुणी मोठा नाही, कुणी लहान नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. लग्नात सुनेचं कौतुक करायचं सोडून सासऱ्याच्या मोठ्या मनाचं कौतुक झालं. मी शालू नेसून ते ऐकत उभी होते. मलाही तेव्हा ते चांगलंच वाटलं, काय करता.

नवरा मानवतला शाळेत मास्तर. रोजचं जाणं-येणं जमत नाही म्हणून तिथं खोली केली. शनिवारी यायचा, सोमवारी जायचा. मग दोन आठवड्यांनी यायला लागला. मी इथं सासूचं दुखणं काढत होते आणि शाळेचे ड्रेस शिवत होते. सासू गेली. तरी तो महिन्यानं एकदा.

एकदा मी न सांगता मानवतला गेले. तो शाळेत होता. खोलीपुढच्या तारेवर कपडे वाळत होते, एक बाई ते काढत होती. त्यात एक निळा शर्ट. त्याचं वरून तिसरं बटण पांढरं. निळं संपलं होतं म्हणून मीच लावलं होतं ते. बाईनं तो शर्ट झटकला, घडी घातली, छातीशी धरला आणि मला विचारलं, "कोण पायजे?"

मी म्हणाले, "कुणी न्हाई."

तिचा मला राग आला नाही. आजही नाही. तिनं मला काही वचन दिलं नव्हतं. वेदीपुढं उभं राहून मरेपर्यंतचं वचन दुसऱ्यानं दिलं होतं.

मी घरी येऊन सासऱ्याला सांगितलं. म्हणाले, "बाहेर बोलू नकोस. मंडळीत मिटवू." आणि आठ दिवसांनी चर्चच्या मागच्या खोलीत पंच कमिटी बसली. चार पंच, पाळकसाहेब आणि नवरा. सगळे खुर्च्यांवर. मला स्टूल दिलं.

नवरा रडला. त्याचं असं आहे की रडायच्या आधी त्याचं नाक वाहतं. मीच टीप घातलेल्या रुमालानं तो नाक पुसत होता आणि सांगत होता, मोहात पडलो, दोन वर्षं पापात होतो, प्रभूनं मला धरलं. पंचांचे डोळे पाणावले. पाळकसाहेबांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. त्यानं देवाची माफी मागितली. पंचांची मागितली. बापाची मागितली, मंडळीचीही मागितली. मी समोर दोन हातांच्या अंतरावर बसले होते. माझी मागितली नाही. तिथल्या एकाही माणसाच्या हे ध्यानात आलं नाही.

सासऱ्यानं वही उघडून सगळं लिहून घेतलं. कबुली. दोन वर्षं. मानवत. परस्त्री. खाली नवऱ्याची सही, चार पंचांच्या सह्या. मग एक पंच माझ्याकडं वळला. रेल्वेतून रिटायर झालेला कारकून. त्यानं घसा साफ केला.

"बाई, एक विचारतो. तू नवऱ्याला अंथरुणात नाही म्हणत होतीस का?"

मी सासऱ्याकडं बघितलं. ते पंख्याकडं बघत होते.

"बोल की. किती दिवसांपासून?"

तुम्हाला सांगते, मांगवाड्यातल्या पंचायतीत माझ्या आजीचे निवाडे झाले. दारू पिऊन बसलेले बाप्ये असायचे तिथं. पण सुनेला सासऱ्यासमोर हे कुणी विचारलं नसतं. हे विचारायला शिकलेली माणसं लागतात. पांढरा शर्ट लागतो, आधी आणि नंतर प्रार्थना लागते.

मग त्यांनी मला समजावलं. बायकोचं शरीर नवऱ्याचं असतं. ते अडवून ठेवलं की नवरा भरकटतो. तेव्हा आता मानवतच्या खोलीत जाऊन रहा, घर सांभाळ, क्षमा कर, आणि विश्वासणाऱ्यानं विश्वासणाऱ्याला कोर्टात ओढायचं नसतं हे ध्यानात ठेव. मग प्रार्थना झाली. मग चहा आला. बिस्किटांची बशी नवऱ्यापुढं सरकवली त्यांनी. रडून दमला होता ना.

पुढच्या रविवारी त्यानं मंडळीपुढं साक्ष दिली. हरवला होता, सापडला. बायका पदरानं डोळे पुसत होत्या. चौथ्या रविवारी तो गाणी सांगायला उभा राहिला. आणि सोमवारी सकाळच्या गाडीनं मानवतला गेला. शर्ट तिथंच वाळत होते. माझा मावसभाऊ तिकडं बाजाराला गेला की मला सांगायचा.

मी खोलीत राहायला गेले नाही. मी मायकडं आले. तो शनिवारी यायचा, दारात उभा राहून म्हणायचा, "मला माफ केलंय सगळ्यांनी. तूच एकटी राहिलीस." एकदा आत येऊन त्यानं माझा दंड धरला. म्हणाला, "पंचांनी सांगितलंय ना तुला?" माय चुलीपुढून काठी घेऊन उठली म्हणून सुटले. त्या दिवशी मला कळलं, ही दया नाही, हा परवाना आहे. माझ्या अंगावरचा परवाना, आणि तो बाप्यांनी बाप्याला लिहून दिलाय. मला फारकत पाहिजे होती. दुसरं काही नको होतं.

परभणीला कोर्टासमोर एक वकीलबाई बसते. बौद्ध आहे, आमच्यातली नाही. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला.

"ताई, तो राजी असता तर सोपं होतं. तो राजी नाही. मग बदफैली सिद्ध करावी लागते. पुरावा काय आहे तुमच्याकडं?"

"बटण हाय."

ती हसली नाही. म्हणाली, "बटण पुरावा होत नाही. ती बाई साक्ष देणार नाही. शेजारी देणार नाहीत. त्यांची वही?"

"ती सासऱ्याच्या कपाटात. कुलपात."

"वहीत नेमकं काय लिहिलंय हे कागदावर पाहिजे. नाहीतर ते म्हणतील, वहीच नाही." तरी तिनं अर्ज टाकला.

नोटीस कंपाउंडात पोचली आणि मंडळी पेटली. पाळकसाहेब मायच्या घरी आले. त्यांनी मला शास्त्रातल्या त्या बाईची गोष्ट सांगितली. व्यभिचारात धरलेली, धोंडे मारायला आणलेली. जो निर्दोष असेल त्यानं पहिला धोंडा मारावा, असं म्हणून प्रभूनं तिला सोडवलं. "हातातला धोंडा खाली टाक, बाई," पाळकसाहेब म्हणाले. "तू तरी निर्दोष हायस का?"

लहानपणापासून ऐकलेली गोष्ट. त्या दिवशी पहिल्यांदा नीट ऐकली.

मी म्हणाले, "साहेब, त्या बाईसंगं धरलेला बाप्या कुठं होता?"

"काय?"

"दोघं असतील ना. एकटी कशी करंल ती? त्याला कामून आणलं न्हाई धोंडे मारायला?"

"शास्त्राला असं विचारत नसतात."

"त्याला पंचांनी सकाळीच माफ केलं असंल," मी म्हणाले. "चहा-बिस्किट देऊन."

ते उठून गेले. मी काही चूक बोलले असं मला वाटत नाही. प्रभूनं धोंडे खाली टाकायला लावले ते जमलेल्या बाप्यांना. त्या बाईच्या हातात धोंडा नव्हताच. माझ्याही नव्हता. मी कोर्टात एक अर्ज दिला होता.

आणि मग तो रविवार. तबक.

उपासना संपल्यावर मी उठले. बायका चपला शोधत होत्या. सासरे तबक पुसून कपाटात ठेवत होते. मी जाऊन त्यांच्यापुढं उभी राहिले. आयुष्यात त्या माणसापुढं मी डोक्यावरचा पदर सावरल्याशिवाय उभी राहिले नव्हते. त्या दिवशी पदर खांद्यावर होता, तिथंच राहू दिला.

"मामा, मला कामून दिलं न्हाई?"

"तुला माहीत आहे."

"मला म्हाईत न्हाई. लिहून द्या."

"काय लिहून द्या?"

"मला कायमुळं काढलं ते. त्याला कायमुळं घेतलं ते. सगळं. तुमी हेडमास्तर हायत. पोराला शाळेतून काढलं तरी कागद देता. मला पण द्या."

खरं सांगते, तेव्हा माझ्या डोक्यात कोर्ट नव्हतं. मला फक्त एवढंच कळत होतं की हे हवेत राहू द्यायचं नाही. मला झिडकारायचं तर सही करून झिडकारा. पण दुसऱ्या कुठल्या माणसाला हे मागितलं असतं तर त्यानं हात झटकले असते. हा हेडमास्तर. याला ड्राफ्ट करायला सांगितलं की अंगात येतं. शिवाय त्याला वाटत होतं की पंचांनी फार मोठं काम केलंय. एवढी मोठी क्षमा, ती कागदावर यायला नको?

मंगळवारी पत्र आलं. मंडळीच्या लेटरहेडवर. शिक्का. चार सह्या. ते मला पाठ आहे.

"भगिनी, आपले पती यांनी मानवत येथील परस्त्रीशी दोन वर्षे शरीरसंबंध ठेवल्याची लेखी कबुली पंच कमिटीसमोर दिली असून मंडळीने ख्रिस्ताच्या दयेने त्यांना पूर्ण क्षमा केली आहे. आपण मात्र क्षमा न करता जगिक न्यायालयाकडे धाव घेतली. सबब आपणास प्रभुभोजनापासून दूर ठेवण्यात येत आहे. मंडळीपुढे उभे राहून पश्चात्ताप केल्यास पुनर्विचार होईल."

मी तशीच परभणीची बस धरली. वकीलबाईनं पत्र एकदा वाचलं. चष्मा काढला, पुसला, परत वाचलं.

"हे कुणी दिलं?"

"सासऱ्यानं."

"म्हणजे ते तुमच्या बाजूचे आहेत?"

"न्हाई. त्याच्याच बाजूचे हायत."

मग मात्र ती हसली. टेबलावर डोकं टेकवून हसली.

कोर्टात नवऱ्यानं लिहून दिलं की कुठल्याही बाईशी माझा कधीही संबंध नव्हता, बायकोनं रचलेली खोटी कहाणी आहे. देवापुढं नाक वाहीपर्यंत रडलेला माणूस. जज्जासमोर त्याला सर्दीही झाली नाही. म्हणजे पाप होतं ते फक्त मागच्या खोलीपुरतं. तिथं कबूल केलं की चहा मिळतो. इथं कबूल केलं की बायको सुटते.

मग कोर्टानं सासऱ्याला वही घेऊन बोलावलं.

माय म्हणाली, "म्हातारा खोटं बोलंल. लेक हाय त्याचा."

मलाही तसंच वाटत होतं. वही हरवली म्हणायचं, पत्र रागात लिहिलं म्हणायचं. नवऱ्याचा वकील व्हरांड्यात त्यांच्या कानाशी लागून तेच सांगत असणार. ते कोट घालून आले होते. ज्या माणसानं मला कोर्टाची पायरी पाप म्हणून शिकवली, तो ती पायरी चढला, पिंजऱ्यात उभा राहिला, खरं सांगेन म्हणून शपथ घेतली.

वकीलबाईनं पत्र पुढं केलं. "हा मजकूर कुणी लिहिला?"

"मी."

"सही?"

"माझीच."

"यातली कबुलीची गोष्ट खरी की खोटी?"

त्यांनी मुलाकडं बघितलं. मुलगा खाली बघत होता. मग त्यांनी काखेतली वही पुढं धरली, जशी शाळेत इन्स्पेक्शनला धरत असतील तशी.

"आमच्या मंडळीच्या वहीत खोटं लिहिलं जात नाही."

झालं. पत्र खोटं म्हटलं असतं तर पोरगा वाचला असता. पण मग हेडमास्तरच्या अक्षरातलं काहीतरी खोटं ठरलं असतं. ते त्याला जमलं नाही. क्षणभर मला त्या माणसाबद्दल बरं वाटलं. लगेच कळलं, तो माझ्यासाठी खरं बोललेला नाही. तो वहीसाठी बोललाय. मी त्या वहीइतकीही त्याची कुणी नव्हते.

मला फारकत मिळाली. निकालाचा कागद मी मायला वाचून दाखवला. तिनं तो हातात घेतला, उलटा-सुलटा केला, आणि इतकंच म्हणाली, "आता तुझा दंड कुणी धरणार न्हाई."

नाताळच्या आधी पाळकसाहेब आले. हातात पिशवी. पिशवीत काळ्या मनुका.

"सलाम, बाई," म्हणाले. "तुझ्यावाचून पाणी नीट व्हायला न्हाई. मागच्या वेळी कंपाउंडातल्या बायांनी केलं, आंबलं. म्हातारी माणसं तोंड वाकडं करायलेत." मग खिशातून चिठ्ठी काढली. "हे बघ, पाचच ओळी हायत. मंडळीपुढं वाचून टाक. कोर्टात गेले, चुकले, क्षमा करा. इतकंच. नाताळला तुला पेला भेटंल. मी बोललोय सगळ्यांशी."

चिठ्ठीवरचं अक्षर मी ओळखलं. छापल्यासारखं.

मी बोलायच्या आधी माय उठली. गुडघ्यांवर हात ठेवून, कण्हत. तिनं पिशवी उचलली आणि पाळकसाहेबांच्या हातात परत दिली.

"साहेब, त्या दिवशी मी पिले," ती म्हणाली. "लेकीला सोडून पिले. ते अजून माझ्या नरड्यात हाय. ह्या मनुका घेऊन जावा."

चिठ्ठी मी फाडली नाही. ती निकालाच्या कागदासोबत ठेवली आहे. त्यांच्या अक्षरातला कागद मी आता टाकत नसते.

मंडळी मी सोडलेली नाही. पुष्कळांना तेच हवंय. जा म्हणतात, दुसरीकडं जा, पूर्ण्यात काय एकच चर्च आहे? मी का जाऊ? माझ्या बापानं एका तबकासाठी सगळी भावकी सोडली होती. पहिल्या रविवारी मी जाते. आधी दुसऱ्या रांगेत बसायचे, आता पहिल्या रांगेत बसते. माय माझ्या शेजारी असते. तीही आता पेला घेत नाही. सासरे तबक घेऊन येतात. मी हात पुढं करते. ते तबक वर उचलतात. म्हातारपणानं हात थरथरतात त्यांचे, पेले एकमेकांवर वाजतात, आणि तेवढ्या शांततेत ते शेवटच्या खुर्चीपर्यंत ऐकू येतं. तो माजी नवरा उजवीकडं गाण्याचं पुस्तक उघडून बसलेला असतो.

पंचांनो, क्षमा तुमच्या कपाटात नाही. ज्याला दुखावलं त्याच्याकडं असते ती, म्हणजे माझ्याकडं आहे, आणि ज्यानं मागायची त्यानं ती आजपर्यंत मागितलेली नाही. चार सह्या करून तुम्हाला ती माझ्या वतीनं वाटता येणार नाही. मी मागं सरकणार नाही. पाच ओळी वाचणार नाही. मनुका उकळणार नाही. पुढच्या पहिल्या रविवारीही मी पहिल्या रांगेत असेन, हात पुढं करून.

उचला तबक.